घरात एकाला शुगर असेल तर तपासणी सगळ्या घराची : खाणं, ताण आणि घराणं यांचा मधुमेहाशी संबंध काय?

धाराशिव : "आम्ही दिवसभर रानात राबतो, आम्हाला कशाची शुगर?" हे वाक्य गावोगावी ऐकायला मिळतं. त्याच्या अगदी उलट दुसरं वाक्यही ऐकू येतं, "वडलांना होती, मला होणारच, मग पथ्य कशाला पाळायचं?" पहिलं म्हणणारा तपासणी करत नाही. दुसरं म्हणणारा तपासणी करतो, पण पुढे काही करत नाही. दोघांचंही नुकसान होतं, कारण दोघांनीही अर्धीच गोष्ट धरलेली असते.

मधुमेह होण्यात घराण्याचा वाटा आहे, ताटाचा आहे, अंगमेहनतीचा आहे आणि डोक्यावरच्या ताणाचाही आहे. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर बी घराण्यातून येतं, पण ते उगवतं की नाही आणि कधी उगवतं, हे रान आणि पाणी ठरवतं. बी बदलता येत नाही. बाकीचं बरंच हातात असतं.

थोडक्यात महत्त्वाचं

• आई किंवा वडील, बहीण किंवा भाऊ यांच्यापैकी कुणालाही शुगर असेल तर तिशीनंतर दरवर्षी तपासणी करावी.
• अंगाने बारीक माणसालाही शुगर होते. पोट आणि कंबर बघा, नुसतं वजन बघू नका.
• ज्वारीची भाकरी चांगली, पण तीही मोजून खायची.
• सततचा ताण आणि अपुरी झोप यांनी शुगर खरोखर वाढते.
• डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी किंवा इन्सुलिन बंद करू नका.

गावात किती जणांना असते?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद म्हणजे आयसीएमआरने देशभरात १ लाख १३ हजारांहून जास्त लोकांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. शहरात प्रमाण १६.४ टक्के, तर खेड्यात ८.९ टक्के निघालं.

आकडा बघून कुणी म्हणेल, खेड्यात कमीच आहे की. पण उंबरठ्यावरच्या लोकांचं प्रमाण बघितलं तर शहरात १५.४ आणि खेड्यात १५.२ टक्के, म्हणजे जवळपास सारखंच. देशाची ही सरासरी धरली तर १ हजार प्रौढ माणसांच्या गावात ९० जणांना शुगर असणार आणि दीडशे जण दारात उभे असणार. त्यातल्या कित्येकांना ते माहीतच नसतं, कारण सुरुवातीची काही वर्षं काहीच दुखत नाही.

शुगर वाढते म्हणजे काय होतं?

भाकरी, भात, चपाती, साखर, गूळ, फळं या सगळ्यांपासून पोटात शेवटी साखरच तयार होते. ती रक्तात उतरते. रक्तातून स्नायूंमध्ये जायला तिला इन्सुलिन लागतं. हे इन्सुलिन पोटातल्या स्वादुपिंड नावाच्या ग्रंथीत तयार होतं.

प्रौढांमध्ये जास्त आढळतो तो टाईप २ मधुमेह. यात आधी शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवून दमत जातं. विहिरीला पाणी आहे, पण पाईपलाईन गाळाने भरली, म्हणून मोटार जास्त वेळ चालवली आणि शेवटी मोटारच जळाली, असा हा प्रकार. लहान मुलांना आणि तरुणांना जास्त करून होणारा टाईप १ वेगळा. त्यात इन्सुलिन बनणंच जवळपास थांबतं, त्यामुळे पहिल्यापासून इन्सुलिन घ्यावंच लागतं. पोराने गोड जास्त खाल्लं म्हणून टाईप १ होत नाही, हे आई-वडिलांनी लक्षात ठेवावं.

घराण्याचा वाटा किती?

मधुमेहाचं घराण्याशी नातं आहे हे आपल्याकडे फार पूर्वीपासून माहीत आहे. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत, एक जन्मापासून येणारा आणि दुसरा चुकीच्या खाण्यापिण्यातून होणारा. आजचं शास्त्रही या दोन्ही गोष्टी मानतं. फरक इतकाच की, बहुतेक माणसांत दोन्ही एकत्र असतात.

आई किंवा वडील यांच्यापैकी एकाला टाईप २ मधुमेह असेल तर मुलांना आयुष्यात कधी ना कधी तो होण्याची शक्यता अंदाजे ४० टक्के धरली जाते. दोघांनाही असेल तर ती ७० टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे आई-वडील दोघांना असूनही काही मुलं सुटतातच. आणि घराण्यात कुणालाच नसताना होणारेही आहेत. शिवाय मागच्या पिढीत "कुणालाच नव्हती" असं आपण म्हणतो, तेव्हा त्यांची तपासणी कधी झाली होती का, हाही प्रश्न आहेच.

घराण्यातून नुसतं रक्त येत नाही, चूलही येते. एकाच घरात एकाच हाताचा चहा, तेवढीच साखर, तेवढंच तेल, रात्री उशिराचं जेवण. त्यामुळे नवरा-बायकोचं रक्ताचं नातं नसतानाही एकाला शुगर निघाली तर दुसऱ्यानेही तपासून घेणं शहाणपणाचं आहे.

बारीक माणसाला शुगर कशी?

या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्रातल्याच खेड्यांत सापडलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोच्या आसपास भरली. इंग्लंडमधली बाळं साधारण ३.५ किलोची. पण बारकाईने मोजल्यावर दिसलं की आपल्या बाळांमध्ये कमी होते ते स्नायू, अंगावरची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. बाहेरून बारीक, आतून चरबी, असं हे शरीर. जगभरच्या डॉक्टरांमध्ये हा अभ्यास गाजला.

हीच बाळं १८ वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. जवळपास निम्मी पोरं-पोरी कमी वजनाची होती. तरीही मुलांमध्ये ३७ टक्के आणि मुलींमध्ये १८ टक्के जणांची शुगर सामान्यपेक्षा जास्त निघाली. शेतकऱ्यांची, खेड्यातली, काटक दिसणारी ही पोरं.

आईच्या पोटात असताना बाळाला पोषण कमी पडलं तर पुढे त्याचं शरीर जास्तीचं अन्न नीट पेलू शकत नाही, असा यामागचा विचार आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये मोठी उपासमार झाली. त्या काळात आईच्या पोटात असलेल्यांची पन्नाशीच्या सुमारास तपासणी झाली, तेव्हा त्यांचं शरीर साखर नीट हाताळत नसल्याचं आढळलं.

आपल्याकडच्या जुन्या माणसांना हे वाचून १९७२ चा दुष्काळ आठवेल. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणाऱ्या, मिलो आणि सुकडीवर दिवस काढणाऱ्या बायांमध्ये गरोदर बायाही होत्या. त्या काळात जन्मलेली माणसं आज पन्नाशीच्या पुढे आहेत. त्या पिढीने वयामुळेही आणि या कारणानेही शुगर तपासून घेतलेली बरी.

गरोदरपणातली शुगर

काही बायांना गरोदरपणातच शुगर वाढते. बाळंतपणानंतर ती बहुतेक वेळा उतरते, म्हणून घरचे विसरून जातात. पण अशा बाईला पुढे टाईप २ मधुमेह होण्याचा धोका इतर बायांपेक्षा सातपट किंवा त्याहून जास्त असतो, आणि तिच्या बाळालाही पुढे धोका राहतो.

सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन २ तासांनी रक्त तपासतात. १४० किंवा त्याहून जास्त आलं तर उपचार लागतात. ही तपासणी नाव नोंदवताना एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करायची असते. सासू-सासऱ्यांनी "गोड पाणी पाजून रक्त कशाला काढायचं" म्हणून टाळू नये. बाळंतपणानंतर ६ आठवड्यांनी पुन्हा तपासणी आणि नंतर दरवर्षी एकदा.

ताटात काय बदललं?

आपला जिल्हा रब्बी ज्वारीचा. पण गेल्या काही वर्षांत खरिपाचं रान सोयाबीनने व्यापलं, पाण्याच्या भागात ऊस आला आणि ज्वारीचा पेरा मागे पडला. रेशनवर गहू-तांदूळ आला. ज्या घरात दोन्ही वेळा भाकरी होती तिथे आता सकाळी चपाती आणि रात्री भात असतो. पोरांच्या हातात कुरकुरे, बिस्किटं, थंड पेयं आली.

ज्वारी परत आणावी हे खरं. १०० ग्रॅम ज्वारीत तंतू साधारण १० ग्रॅम असतात, पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमच्या आत. तंतूमुळे साखर रक्तात हळू उतरते. पण त्याच ज्वारीत पिठूळ भागही ६८ ग्रॅमच्या आसपास आहे. गावाकडची एक मोठी भाकरी म्हणजे शंभर ग्रॅमच्या आसपास पीठ. त्यामुळे "ज्वारीच आहे" म्हणून तीन-चार भाकरी खाल्ल्या तर शुगर वाढणारच.

सोपा हिशोब असा ठेवता येतो. ताटाचे चार भाग करा. दोन भाग भाजी आणि कच्चं खाणं, एक भाग डाळ-उसळ किंवा अंडी-मासे-चिकन, एक भाग भाकरी किंवा भात. आपल्याकडे नेमकं उलटं असतं, भाकरीचा ढीग आणि कालवण तोंडी लावण्यापुरतं.

• भाज्या महागाच्या लागत नाहीत. करडईची कोवळी भाजी, हरभऱ्याची भाजी, तांदुळजा, घोळ, पाथरी, शेपू, अंबाडी हे सगळं आपल्या रानात आणि आठवडी बाजारात मिळतं.
• मटकी, मूग, हुलगे, हरभरा यांची उसळ रोज एकदा तरी असावी.
• जेवताना आधी काकडी, मुळा, कांदा आणि भाजी-उसळ खायची, भाकरी नंतर. यानेही शुगर कमी चढते.
• शेंगदाण्याची चटणी चांगली, पण मूठभराच्या आत. तेलावर हात आखडता ठेवा.
• रात्रीचं जेवण झोपायच्या दोन-तीन तास आधी.

चहाचा हिशोब

आपल्याकडे साखर सगळ्यात जास्त जाते ती चहातून. घरी दोनदा, रानात एकदा, पाव्हणे आले की एकदा, चौकात एकदा. पाच कप, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे दिवसाला दहा चमचे किंवा जवळपास ५० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असलेली उत्तम. चहा सोडायची गरज नाही. कप कमी करा, आणि प्रत्येक आठवड्याला अर्धा चमचा साखर कमी करत जा. महिनाभरात जिभेला सवय होते.

साखरेऐवजी गूळ घातला म्हणजे चालतं, हा मोठा गैरसमज आहे. गुळातही बहुतांश साखरच असते आणि रक्तातली शुगर तोही वाढवतो. काकवी, मध, उसाचा रस यांचंही तेच. कुंथलगिरीचा पेढा सणासुदीला एखादा, तोही जेवणाच्या शेवटी आणि त्या दिवशी भाकरी कमी करून.

उपवास आणि नवरात्र

तुळजाभवानीचा जिल्हा म्हटल्यावर नवरात्राचे नऊ दिवस उपवास घराघरात असतात. शुगर असलेल्यांना यात दोन्ही बाजूंनी धोका असतो. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिठूळ पदार्थ, त्यात तंतू नसल्यात जमा. सोबत बटाटा, भगर, केळी आली की शुगर एकदम चढते. दुसरीकडे काहीजण पाण्यावर राहतात आणि गोळी मात्र नेहमीची घेतात, तेव्हा शुगर धोकादायक खाली जाते.

उपवास धरायचाच असेल तर आधी डॉक्टरांना सांगून गोळीचं प्रमाण ठरवून घ्या. ताक, दही, शेंगदाणे, काकडी, थोडा राजगिरा असं थोडं थोडं खा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी, किडनीचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायांनी कडक उपवास टाळावा.

अश्विनी पौर्णिमेला पायी तुळजापूरला जाणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. जुनी शुगर असली की तळपायाची जाणीव कमी होते. अनवाणी चालताना काटा रुतला, फोड आला तरी कळत नाही, आणि तीच जखम पुढे चिघळते. अशांनी चप्पल-बूट घालूनच चालावं. रोज रात्री तळपाय बघावेत.

रानातलं काम पुरेसं आहे का?

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी होतं. आता नांगरट ट्रॅक्टरने, खुरपणीच्या जागी तणनाशक, मळणी यंत्राने, मोटार मोबाईलवरून चालू, आणि रानात जायला मोटारसायकल. पेरणी-काढणीचे दिवस सोडले तर मालकाच्या अंगाला फारसं काम उरलेलं नाही. भाकरी मात्र पूर्वीएवढीच आहे. घरातल्या बायांचं काम जास्त असतं, पण तेही बरंचसं बसून.

आठवड्याला किमान १५० मिनिटं, म्हणजे रोज अर्धा तास आठवड्यातून पाच दिवस, धाप लागेल इतपत भराभर चालावं. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं फिरलं तरी चढणारी शुगर आटोक्यात राहते, कारण चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात.

ताणाने शुगर खरंच वाढते का?

वाढते. माणूस घाबरला किंवा काळजीत पडला की शरीर ॲड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल नावाचे स्राव सोडतं. पळायला, लढायला ताकद लागेल म्हणून यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं आणि इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. साप दिसल्यावर हे पाच मिनिटांपुरतं होतं आणि उपयोगीही पडतं. पण बँकेचं देणं, पावसाची ओढ, पोरीचं लग्न, पडलेला भाव यांचा ताण महिनोन्‌महिने चालतो. तेवढे दिवस शुगरही चढीच राहते.

१७ जानेवारी १९९५ रोजी जपानमधल्या कोबे शहरात भूकंप झाला. त्यानंतर तिथल्या मधुमेही रुग्णांची तपासणी झाली, तेव्हा त्यांची शुगर वाढलेली आढळली. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं किंवा जखमी झालं, ज्यांचं घर पडलं, त्यांची जास्त वाढली होती. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारी-सास्तूरचा भूकंप बघितलेली माणसं लोहारा आणि उमरगा तालुक्यांत आजही आहेत. धक्का मनाला बसतो आणि त्याचा हिशोब शरीर ठेवतं, हे त्यांना वेगळं सांगायला नको.

ताणाचा दुसरा परिणाम सवयींतून होतो. झोप उडते, जेवणाची वेळ चुकते, तंबाखू-बिडी वाढते, काहींची दारू सुरू होते, गोळी घ्यायची राहून जाते. उपाशीपोटी दारू आणि वरून शुगरची गोळी, यात शुगर अचानक खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. लोक समजतात, पिऊन पडलाय. तिथे जीव जाण्याचा धोका असतो.

मधुमेह असलेल्यांमध्ये नैराश्याचं प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट आढळतं. म्हणजे ताणाने शुगर वाढते आणि शुगरने मन खचतं. घरातला शुगरचा पेशंट चिडचिड करतो, पथ्य मोडतो, बोलेनासा होतो, तेव्हा "तुम्हाला कळत कसं नाही" म्हणून त्याच्यावर ओरडू नका. जवळ बसून विचारा.

• रोज सात तास झोप. मोबाईल रात्री उशाला नको.
• कर्जाची गोष्ट एकट्याने डोक्यात ठेवू नका, घरात बोला.
• भजन, पारावरची बैठक, वारी, योगासनं, जे जमेल ते. माणसांत राहा.
• मन फार खचलं, जगणं नको वाटलं तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करा. केंद्र सरकारची ही मोफत सेवा २०२२ पासून आहे आणि दिवसरात्र चालू असते. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी राज्य सरकारने २०१५ साली आणलेल्या प्रेरणा प्रकल्पातही आपला जिल्हा होता. याबाबत आशाताईंकडे किंवा जिल्हा रुग्णालयात विचारता येतं.

मग घराण्यावर मात करता येते का?

चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना काहीच विशेष सल्ला दिला नव्हता, त्यांच्यातल्या ५५ टक्के जणांना ३ वर्षांत मधुमेह झाला. ज्यांनी खाणं आणि चालणं सुधारलं, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आलं. सगळे वाचले नाहीत, पण शंभरातले सोळा जण वाचले, तेही कसलीही गोळी न घेता. आणि ज्याला पन्नाशीत होणार होती त्याला साठीत झाली, तरी डोळे-किडनीची दहा वर्षं वाचली.

आपला धोका आपणच मोजा

चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या संस्थेने भारतीयांसाठी सोपी गुणपद्धत तयार केली आहे. टेप आणि कागद पुरतो.

• वय : ३५ च्या आत ०, ३५ ते ४९ असेल तर २०, ५० किंवा पुढे ३०.
• कंबर : बाईची ८० सेंमीच्या आत, पुरुषाची ९० च्या आत तर ०. बाईची ८० ते ८९, पुरुषाची ९० ते ९९ तर १०. त्यापुढे २०.
• मेहनत : नियमित व्यायाम आणि कष्टाचं काम दोन्ही असेल तर ०, दोन्हींपैकी एक असेल तर २०, एकही नाही तर ३०.
• घराणं : आई-वडील दोघांना नाही तर ०, एकाला असेल तर १०, दोघांना असेल तर २०.

बेरीज ६० किंवा जास्त म्हणजे धोका मोठा, ३० ते ५० मध्यम, ३० च्या आत कमी. समजा ५२ वर्षांचा शेतकरी आहे, कंबर ९२ सेंमी, रानात कष्ट करतो पण वेगळा व्यायाम नाही, आणि आईला शुगर होती. त्याचे गुण होतात ३० अधिक १० अधिक २० अधिक १०, म्हणजे ७०. "रानात राबतो" म्हणणाऱ्यानेही तपासणी का करावी, ते इथे दिसतं.

तपासणी कुठे, आकडे कसे वाचायचे?

३० वर्षांवरील प्रत्येकाची बीपी आणि शुगर तपासणी सरकारी कार्यक्रमात मोफत होते. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात. गावचं उपकेंद्र, आयुष्मान आरोग्य मंदिर, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय इथे विचारा. पुढच्या तपासण्यांसाठी धाराशिवचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे.

• उपाशीपोटी (८ तास काही न खाता) : १०० च्या आत चांगली, १०० ते १२५ उंबरठा, १२६ किंवा जास्त मधुमेह.
• ग्लुकोज पिऊन २ तासांनी : १४० च्या आत चांगली, १४० ते १९९ उंबरठा, २०० किंवा जास्त मधुमेह.
• एचबीए१सी (मागच्या तीन महिन्यांची सरासरी) : ५.७ च्या आत चांगली, ५.७ ते ६.४ उंबरठा, ६.५ किंवा जास्त मधुमेह.

लक्षणं नसतील तर एका तपासणीवर शिक्का मारू नका, दुसऱ्यांदा तपासून खात्री करा. आधीपासून शुगर असलेल्यांनी वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवी आणि क्रिएटिनिन, तळपाय तपासावेत. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर टीबीचीही तपासणी करावी, कारण मधुमेहात टीबीचा धोका दोन-तीन पट वाढतो.

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी

आपल्या जिल्ह्यातल्या अनेक गावांतून दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्यात परततात. गोळी सुटते ती याच काळात. निघण्याआधी आरोग्य केंद्रात सांगून जास्तीत जास्त दिवसांच्या गोळ्या घ्या. औषधाच्या चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, म्हणजे कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यातही गोळ्या मिळायला सोपं जातं. पहाटे फडात जाताना उपाशीपोटी गोळी घेऊन कोयता धरू नका, आधी दोन घास खा. खिशात साखरेची पुडी ठेवा. टोळीत गरोदर बाई असेल तर तिची शुगर आणि रक्त तपासूनच निघा.

नेहमीचे गैरसमज

"कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड घेतली की गोळी नको." कारलं भाजी म्हणून खावं, जांभूळही खावं. पण त्यावर विसंबून गोळी बंद केली आणि शुगर चारशेवर गेली, अशी उदाहरणं दवाखान्यात रोजची आहेत.

"गोळीने किडनी खराब होते." किडनी खराब होते ती वर्षानुवर्षं चढ्या राहिलेल्या शुगर आणि बीपीने.

"इन्सुलिन म्हणजे शेवट." इन्सुलिन शरीरात बनतं तेच, कमी पडलं म्हणून बाहेरून घ्यायचं. काहींना ते थोड्या दिवसांपुरतंच लागतं.

"शुगर नॉर्मल आली, आता गोळी बंद." ती गोळीमुळे आणि पथ्यामुळे नॉर्मल आली आहे. कमी-जास्त करायचं ते डॉक्टरांनीच.

तातडीने काय ओळखावं?

हातपाय थरथरणं, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी, बडबड किंवा चिडचिड ही शुगर खाली गेल्याची लक्षणं. मीटरवर ७० च्या खाली दिसेल. माणूस शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा बघा, सुधारणा नसेल तर परत द्या आणि नंतर जेवण. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

खूप तहान, सारखी लघवी, वजन घटणं, जखम न भरणं ही शुगर चढल्याची लक्षणं. त्यात उलट्या, पोटदुखी आणि जोरजोरात श्वास सुरू झाला तर घरी थांबू नका.

घरात एकाला शुगर निघाली की त्याच्यासाठी वेगळी भाकरी, वेगळा बिनसाखरेचा चहा सुरू होतो, आणि बाकीचं घर आहे तसंच चालतं. महिन्याभरात तो पेशंटही कंटाळून सगळ्यांच्या ताटात येतो. त्यापेक्षा सगळ्या घराचंच ताट बदललं तर पेशंटचं पथ्य टिकतं आणि त्याच घराण्यातली लेकरंही वाचतात. सुरुवात या आठवड्यात करता येईल. घरातल्या तिशीवरच्या सगळ्यांची कंबर मोजा, गुण काढा, आणि आशाताई कधी येणार ते विचारून ठेवा.